रेडिओ इनासने बसवला होता

इनास,

परवा तुझी महिन्याची मिस्सा झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो, चपला दाराबाहेर काढून. चर्चमध्ये चपला काढायच्या नसतात हे तू मला शाळेपासून सांगत आलास, तरी माझे पाय ऐकत नाहीत. फादर तुझ्याबद्दल थोडंच बोलले, पण नेमकं बोलले. म्हणाले, हा माणूस बंद पडलेल्या वस्तूंशी फार सबुरीने वागायचा.

मिस्सा संपल्यावर अंगणात तुझ्या गास गावचे दोघं जण क्रुसाजवळ उभे होते. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "हात सोन्याचा होता त्याचा. एकदाच चुकला, त्या आगाशीच्या वामनच्या गाडीत." एवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. ते ओशाळले. मला वाईट वाटलं असेल असं समजून त्यातला मोठा जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तुमचंही त्या वेळी बरंच नुकसान झालं होतं, पण तुम्ही मनात ठेवलं नाहीत.

मी मान हलवली. इनास, तुला जमिनीत ठेवून महिना झाला होता आणि मी पुन्हा मान हलवली.

म्हणून आता लिहितो आहे. तुला ठाऊक नसलेलं यात फारसं काही नाही. पण मला ते पहिल्यापासून सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुन्हा मधूनच कुठेतरी पळवाट काढेन.

ती गाडी मी लढाई संपल्यावर मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी घेतली, तेव्हा सगळ्या घराने मला वेड्यात काढलं होतं. केळी आणि पानवेली लावणाऱ्या माणसाला मोटार कशाला, असं वडील म्हणायचे. मी ती भाड्याने चालवू लागलो. विरार स्टेशन ते आगाशी, कधी अर्नाळा, लग्नसराईत नवरा-नवरी. गाडीत एक रेडिओही होता, पण तो नुसता गुरगुरायचा. मला तो चालता हवा होता. रेडिओ वाजणाऱ्या गाडीला लग्नाची भाडी पहिल्यांदा येतील हे मला दिसत होतं.

मुंबईच्या दुकानात चौकशी केली. जुना काढून नवा बसवायची जी किंमत त्यांनी सांगितली, तेवढ्यात विहिरीवरच्या पंपाचं अर्धं इंजिन आलं असतं. मी तसाच तुझ्याकडे गासला आलो. तू लष्करात वायरलेसचं काम शिकून परत आला होतास, आणि ओटीवर टेबल टाकून गावातले रेडिओ दुरुस्त करत होतास. तू गाडीत डोकं घातलंस, मागचं झाकण उघडलंस, वास घेतलास. हो, वास. मग म्हणालास, "पेटी चांगली आहे. आतलं मेलंय. पेटी ठेवू, आतलं बदलू."

त्या रविवारांसारखे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. सकाळी तुझी मिस्सा आटोपली की तू सायकलवरून आमच्या वाडीत यायचास. गाडी आंब्याखाली उभी असायची. चोरबाजारात लष्कराच्या सामानाचे ढीग विकायला आले होते. त्यातून तू रेडिओचा एकेक काचेचा व्हाल्व पारखून, कागदात गुंडाळून, पावाच्या पिशवीतून आणायचास. भोंगा एका मोडक्या ग्रामोफोनच्या दुकानातून. एरियलसाठी तर तू काहीच विकत घेऊ दिलं नाहीस. गाडीच्या पायरीखाली तांब्याची तार ताणून बसवलीस आणि म्हणालास, वरून कुणाला दिसणार नाही, कुणी मोडणार नाही. आणि पोस्टातून रेडिओचं लायसन काढून आणल्याशिवाय शेवटची वायर जोडायला तू साफ नकार दिलास. मी हसलो होतो. गाडीत कोण बघायला येतंय, असं म्हणालो होतो. तू म्हणालास, "कुणी बघत नाही म्हणून तर काढायचं."

घरी तू तुझी बोली बोलायचास, मी माझी. दोघं भेटलो की शाळेतली मराठी काढायचो, आणि त्या मराठीतच भांडायचो. भांडण एकच. मला आवाज मोठा हवा होता. तुला स्वच्छ हवा होता. मी म्हणायचो, रस्त्यावरच्या माणसाने वळून बघितलं पाहिजे. तू म्हणायचास, मागच्या सीटवरच्या म्हातारीला शब्द न् शब्द कळला पाहिजे. ते भांडण मिटलं नाही. गाडीत बसलेली माणसं तुझ्या बाजूची होती, मी एकटाच माझ्या बाजूचा.

इंजिन सुरू केलं की रेडिओत भुंगा शिरल्यासारखा आवाज यायचा. तो शोधायला आपण अर्नाळ्याच्या रस्त्याने किती फेऱ्या मारल्या असतील. मी चालवायचो, तू माझ्या शेजारी उलटा आडवा, डोकं डॅशबोर्डाखाली, पाय खिडकीबाहेर. "जोरात घे. आता हळू. आता इंजिन बंद कर आणि नुसती जाऊ दे." एकदा त्या नादात आपण थेट किनाऱ्यावर पोचलो. बोंबील वाळत घातलेल्या वलांडीशी एक कोळीण उभी होती. रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. ती खिडकीशी आली, तुझ्या पायांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मानूस बोलतोय ना आत? मग पानी येनार काय, तेवढं विचार त्याला. माझं म्हावरं वाळायचंय." तू खालूनच उत्तर दिलंस की तो फक्त बोलतो, ऐकत नाही. ती म्हणाली, तसले आमच्या घरातपन आहेत. तू इतका हसलास की डोकं वर आपटलं.

दुसऱ्या रविवारी भुंगा गेला. प्रत्येक प्लगच्या वायरीला तू काहीतरी जोडलंस, डायनामोवर एक कंडेन्सर बसवलास, आणि गाडी सुरू असताना बाईचं गाणं असं आलं की वडील वाडीतून पाय धुवून ऐकायला आले. त्यांनी मोटारीला पहिल्यांदा हात लावला तो त्या दिवशी.

जायच्या आधी तू मला एक पत्र्याची डबी दिलीस. आत दोन जादा फ्यूज होते. तू सांगितलंस ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "हा उडाला तर समज, कुठेतरी काहीतरी चुकतंय. दुसरा घाल. तोही उडाला तर रेडिओ बंद ठेव आणि माझ्याकडे ये. त्या जागी दुसरं काहीही घालायचं नाही."

तो रेडिओ अडीच वर्षं एकदाही बिघडला नाही.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं लग्न ठरलं. नवरदेव चांदीपचा. त्याचे चुलते नानासाहेब तिकडचे मोठे बागायतदार, पंचायतीचे प्रमुख. बोलणी चालू असतानाच मी त्यांच्याजवळ तुझं नाव काढलं होतं. त्यांच्या पंचायतीला गावासाठी रेडिओ आणि लाऊडस्पीकर मिळणार होते, आसपासच्या चार गावांनाही. ते सगळे सांभाळायला कायमचा माणूस हवा होता. मी गाडीतला रेडिओ लावून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, लग्न होऊ द्या, मग त्याला घेऊन या. तू आणि रोजावहिनी त्या कामावर किती विसंबला होतात हे मला ठाऊक होतं. वहिनींनी ओटीवरची एक भिंत पाडून खोली मोठी करायचं ठरवलं होतं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नवरदेव, त्याची आई आणि नानासाहेब विरारला उतरणार आणि तिथून माझ्या गाडीने मांडवात येणार. मला गाडी सजवायची होती. फुलांनी सगळेच सजवतात. मी पुढे चार रंगीत दिवे लावले, आणि तुला न विचारता त्यांची वायर रेडिओच्या वायरीलाच जोडली. बॉनेटच्या फटीतून ती बाहेर काढली. तुला बोलावलं असतं तर तू अर्ध्या तासात नीट करून दिलं असतंस. पण तू आधी तासभर बोलला असतास की दिवे कशाला. म्हणून बोलावलं नाही.

विरारला पोचेपर्यंत पहिला फ्यूज उडाला. डबीतला एक घातला. स्टेशनबाहेर उभं असताना तो उडाला. शेवटचा घातला. मंडळी गाडीत बसली, मी किल्ली फिरवली, तोही उडाला. दिवे गेले, रेडिओ गेला. नानासाहेब म्हणाले, "काय हो, आज तुमचा गवई मुका का?" ते थट्टेनेच म्हणाले होते. मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला, उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि तो परत बसवला.

सगळं सुरू झालं. रेडिओवर सनई लागली होती. मी आवाज वाढवला.

आगाशीच्या अलीकडच्या वळणावर डॅशबोर्डाखालून धूर आला. मग जळक्या रबराचा वास, मग ज्वाळा. नवरदेवाचा शेला खाली लोंबत होता, त्याने पेट घेतला. नानासाहेबांनी तो हाताने ओढून बाहेर फेकला. मी बॅटरीची तार उपटली, लोकांनी रस्त्यावरची माती टाकली आणि आग विझली. नवरदेव पायी चालत मांडवात आला. मुहूर्त टळला नाही. नानासाहेबांचा उजवा तळवा मात्र पार भाजला होता. कुणीतरी खोबरेल लावून वर केळीचं पान बांधलं होतं.

मंगलाष्टकं झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. चिडलेले नव्हते. फक्त विचारलं, हे काम कुणाचं?

मी म्हणालो, "रेडिओ इनासने बसवलाय. गासच्या."

बघ इनास, यात खोटं एक अक्षर नाही. त्यावर मी पाच वर्षं जगलो.

त्यांनी मान डोलावली. आजूबाजूचे सात-आठ जण ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते गासला पोचलं होतं, आणि तू पिशवी घेऊन माझ्या दारात होतास. तू आधी कुणाला लागलं का ते विचारलंस. मग गाडीत शिरलास. मी आंब्याला टेकून उभा राहिलो. तुला फार वेळ लागला नाही. जळक्या वायरींमधून तू ते फ्यूजचं घर बाहेर काढलंस. कागद काळा झाला होता, पण चंदेरी कड शिल्लक होती. तू ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरलंस.

"दोन्ही उडाले होते?"

"हो."

"मग बंद का नाही ठेवलास?"

"लग्न होतं," मी म्हणालो.

तू बॉनेटवरून बोट फिरवत गेलास आणि दिव्यांची वायर जिथे पत्र्याच्या कडेने कापली गेली होती तिथे थांबलास. आता तू भडकशील, असं मला वाटलं. भडकला असतास तर बरं झालं असतं. मीही भांडलो असतो आणि त्या भांडणात सगळं गावाला कळलं असतं. तू मात्र हात पुसलेस आणि एकच विचारलंस.

"सांगशील ना त्यांना?"

"सांगतो," मी म्हणालो.

तू त्यानंतर दोन रविवार येऊन तो रेडिओ पुन्हा उभा केलास. पुन्हा स्वच्छ वाजू लागला. मी सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी मी कुसुमचं नाव पुढे करत होतो. नवी नवरी, तिच्या भावाच्या हातून तिच्या चुलत सासऱ्यांचा हात भाजला, हे कळलं असतं तर तिला काय काय ऐकावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, घरात तिचा शब्द चालू लागला, नानासाहेब तिला विचारल्याशिवाय पान लावीनासे झाले. तेव्हा मी का गप्प होतो? तेव्हा कुसुम नव्हती मधे. तेव्हा मी होतो फक्त. लग्नसराईत माझ्या गाडीला भाडी होती, चार लोक मला शहाणा मोटारवाला समजत होते, आणि तो समज मला मोडवत नव्हता.

पंचायतीने काम मुंबईच्या एका दुकानदाराला दिलं. तुझ्याकडे येणारे रेडिओही कमी झाले. घरात आग लागेल, असं बायका म्हणू लागल्या. तू वर्षभर ओटीवर बसलास आणि मग मुंबईला एका कारखान्यात लागलास. सहा दिवस तिकडे खोलीत आठ जणांत राहायचं, शनिवारी घरी. कधी रविवारी वाडीत यायचास तेव्हा तू नेहमीसारखाच असायचास. गाडीचं विचारायचास, वडिलांच्या गुडघ्याचं विचारायचास. ते एक कधीच विचारलं नाहीस. मला वाटू लागलं, तू विसरलास. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

तुझा खोकला तिथे लागला की इथेच लागला असता, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी मात्र रोज त्याचा विचार करतो. तू गासला राहिला असतास, सायकलवरून चार गावं फिरला असतास, मोकळी हवा खाल्ली असतीस.

गेल्या हिवाळ्यात कारखान्याने तुला कायमचं घरी पाठवलं, तेव्हा नालासोपारा स्टेशनवर तुला घ्यायला मीच आलो होतो. तुला माझ्या शेजारी बसवलं. तू चादरीत इतका लहान दिसत होतास. तू म्हणालास, लाव जरा. मी रेडिओ लावला. तू डोळे मिटून ऐकत राहिलास. मग म्हणालास, "बारीक खरखर येतेय. डायनामोवरचा कंडेन्सर बदल." मला ती खरखर ऐकूही येत नव्हती.

गाडीत आपण दोघंच होतो. दुतर्फा तुझ्या गावच्या केळीच्या वाड्या होत्या. मी गाडी हळू केली. तोंड उघडलं. इनास, मी खरंच बोलणार होतो. तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. तू वाट बघत होतास.

आणि मी हात पुढे करून रेडिओचा आवाज वाढवला.

त्यानंतर तू सात आठवडे होतास. मी चार वेळा येऊन गेलो, दर वेळी माणसं होती, दर वेळी मला त्यांचा आधार वाटला.

परवा मिस्सेनंतर मी घरी परतलो नाही. रोजावहिनींच्या ओटीवर गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं; दिवे, कागद, मांडव, सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, "वामनभाऊ, मला त्याच दिवशी कळलं होतं. घरी येऊन सांगितलं त्यांनी."

त्या पुढे बोलत राहिल्या. त्यांनी तुला सांगितलं होतं की तुम्ही जा पंचायतीत, खरं काय ते सांगा. तू ऐकलं नाहीस. तू म्हणालास, वामन सांगतो म्हणालाय, त्याने सांगितलेलं बरं दिसेल. मुंबईहून दर शनिवारी तू आलास की वहिनी विचारायच्या, सांगितलं का हो त्यांनी? तू म्हणायचास, सांगेल. दोन वर्षं विचारलं, मग त्यांनीच विचारणं सोडलं.

सुपातले खडे बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "मला सांगून काय करता? ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

काल सकाळी मी चांदीपला गेलो. नानासाहेब आता थकलेत, पण ऐकू नीट येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उजवा तळवा उघडून त्याच्याकडे बघत बसले. म्हणाले, "मी त्याला एकदा बोलावून विचारायला हवं होतं. तुम्ही आमच्या सुनेचे भाऊ, म्हणून तुमच्या शब्दावर थांबलो." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आज रविवार. मिस्सा सुटल्यावर मी तुमच्या चर्चच्या अंगणात पायऱ्यांशी उभा राहिलो, आणि फादरांना विचारून सगळ्यांना थांबवलं. परवा क्रुसाजवळ बोलणाऱ्या त्या दोघांचंही लक्ष माझ्याकडे होतं. मला भाषण येत नाही. मी एवढंच सांगितलं की इनासच्या कामात कधी चूक नव्हती, आग माझ्या हाताने लागली, मी ती त्याच्यावर जाऊ दिली, आणि तो मरेपर्यंत गप्प राहिलो. फ्यूजच्या जागी काय घातलं तेही सांगितलं, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहू नये. कुणी मला शिवी दिली नाही. परवा खांद्यावर हात ठेवणारा तो म्हातारा मात्र माझ्याजवळून जाताना दोन पावलं लांबून गेला.

रोजावहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. "आज तरी सांगितलंत," म्हणाल्या, आणि फाटकाकडे गेल्या.

सांगून टाकलं की हलकं वाटेल, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नाही. तू असतानाच त्यांना सांगितलं असतं तर तू "बरं झालं" म्हणाला असतास आणि लगेच वडिलांच्या गुडघ्याचं विचारलं असतंस. तुझ्या तोंडून ते दोन शब्द ऐकायला मला पाच वर्षं मिळाली होती, इनास. मी ती सगळी गप्प बसून घालवली.

तुझा,
वामन